काओरी इचो : चार सुवर्णपदके आणि शिकण्याचे स्वातंत्र्य

१/ १७ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिक, महिलांची फ्रीस्टाइल कुस्ती, ५८ किलो वजनगट. भारतीयांना हा दिवस साक्षी मलिकच्या कांस्यपदकामुळे आठवतो. भारतीय महिला कुस्तीचे ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याच गटात, त्याच दिवशी जपानच्या काओरी इचोने सुवर्ण जिंकले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक प्रकारात सलग चार सुवर्णपदके मिळवणारी ती जगातील पहिली महिला ठरली.

२/ या विक्रमाचे आकडे सहज सापडतात, त्यामागचा संघर्ष मात्र क्वचित सांगितला जातो. ज्या केंद्रात इचो घडली, ते केंद्र तिने दोन सुवर्णपदकांनंतर सोडले आणि उरलेली दोन बाहेर राहून जिंकली. हरल्यामुळे ती बाहेर पडली नव्हती. जिंकत असतानाच तिला आपली कुस्ती अपुरी वाटू लागली होती. त्या निर्णयाची किंमत काय होती, त्याचा हा इतिहास.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. आधुनिक ऑलिंपिकच्या १८९६ मधील पहिल्याच पर्वात कुस्ती होती. पण ती पुरुषांची. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेत भरली. ऑलिंपिकचे दार उघडायला २००४ साल उजाडले. म्हणजे अथेन्समध्ये सुरू झालेला खेळ १०८ वर्षांनी अथेन्समध्येच स्त्रियांसाठी खुला झाला, तोही अवघ्या चार वजनगटांत : ४८, ५५, ६३ आणि ७२ किलो.

४/ जपानची कुस्तीपरंपरा त्याआधीची आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. त्या गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले. त्या संपूर्ण ऑलिंपिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्ण होते. युद्धोत्तर जपानच्या क्रीडास्मृतीत कुस्तीला असलेल्या मानाचे एक कारण इथे सापडते.

५/ काओरीचा जन्म १३ जून १९८४ चा. गाव हाचिनोहे, होन्शू बेटाच्या उत्तर टोकावरील आओमोरी प्रांतातील बंदराचे शहर. मोठा भाऊ आणि मोठी बहीण चिहारु स्थानिक क्लबमध्ये कुस्ती शिकत. त्यांच्या मागोमाग धाकटी काओरीही मॅटवर उतरली. तिच्या बालपणी महिला कुस्तीला ऑलिंपिकमध्ये स्थान नव्हते. पुढे काय मिळेल याचा हिशोब करून खेळ निवडावा, अशी ती वेळच नव्हती.

६/ पुढचे शिक्षण आयची प्रांतात, चुक्यो महिला विद्यापीठाच्या संलग्न शाळेत आणि मग विद्यापीठात झाले. तेथील प्रशिक्षक होते माजी ऑलिंपिक मल्ल काझुहितो साकाए. साओरी योशिदा आणि इचो भगिनी याच केंद्रातील. विद्यार्थिनींचा दिवस अभ्यास, व्यायाम आणि सराव यांत बांधलेला असे. आपल्याकडच्या तालमीसारखीच ही रचना : वस्ताद एक, शिस्त एक आणि निष्ठाही एकाच ठिकाणी.

७/ या पद्धतीचे फळ निर्विवाद होते. २००२ मध्ये, अठराव्या वर्षी, इचो ग्रीसमधील जागतिक स्पर्धेत ६३ किलो गटात विजेती ठरली. २००३ मध्ये न्यूयॉर्कला तिने ते पद राखले. पुढे जवळजवळ तेरा वर्षे प्रत्यक्ष लढतीत तिला कोणीही हरवू शकणार नव्हते. मात्र तेव्हा हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सर्वांचे लक्ष अथेन्सकडे लागले होते.

८/ अथेन्स, ऑगस्ट २००४. अंतिम फेरीत इचोसमोर अमेरिकेची सारा मॅकमन होती. कुस्ती अटीतटीची झाली आणि इचोने ती ३-२ अशी जिंकली. जपानच्या चारही महिला मल्ल पदक घेऊन परतल्या : योशिदा आणि काओरी यांना सुवर्ण, चिहारुला रौप्य, क्योको हामागुचीला कांस्य.

९/ पण इचो घराण्यात आनंद अर्धाच होता. दोघी बहिणींनी मिळून सुवर्ण जिंकावे, हे त्यांचे स्वप्न. ४८ किलोच्या अंतिम लढतीत युक्रेनची इरिना मेर्लेनी आणि चिहारु यांचे गुण २-२ असे समान राहिले आणि नियमांतील निकषांवर निकाल चिहारुच्या विरुद्ध गेला. तेव्हा दोघींनी आणखी चार वर्षे एकत्र घालवायचे ठरवले.

१०/ काओरीने २००५, २००६ आणि २००७ ची जागतिक विजेतेपदे जिंकली. बीजिंग २००८ मध्ये तिने अंतिम फेरीत रशियाच्या अल्योना कार्ताशोवाला नमवले. चिहारुच्या वाट्याला मात्र पुन्हा रौप्य आले. या वेळी कॅनडाची कॅरोल हुइन सरस ठरली. ज्या स्वप्नासाठी दोघी खेळत होत्या ते संपले होते. चोविसाव्या वर्षी, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके हाती असताना, काओरीपुढे प्रश्न होता : आता कुस्ती खेळायची कशासाठी?

११/ २००८ आणि २००९ च्या जागतिक स्पर्धांत ती उतरली नाही. या विरामात तिने बहिणीसह काही काळ कॅनडात घालवला. पदकाच्या दडपणाशिवाय कुस्ती खेळता येते, हा तिच्यासाठी नवा अनुभव होता. परतल्यावर तिने आयचीतील जुने केंद्र सोडून टोकियोत राहायचे ठरवले आणि पुरुष मल्लांसोबत सराव सुरू केला. तिच्या कारकिर्दीतील हे सर्वांत मोठे वळण होते.

१२/ या वळणाचा अर्थ समजण्यासाठी फ्रीस्टाइलचे गणित पाहावे लागते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून पाठीमागून ताबा घेतला की दोन गुण. पाठ मॅटकडे वळवली की दोन. मोठी फेक साधली तर अधिक. वर्तुळाबाहेर ढकलले तर एक. आज दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते आणि दोन्ही खांदे टेकले की चितपट. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाय खुले असतात. म्हणून पट काढणे हा या खेळाचा कणा.

१३/ आपल्या वजनाच्या महिलांविरुद्ध इचोचा वेग आणि ताकद पुरेशी होती. पुरुष मल्लासमोर हे भांडवल चालत नाही. एकेरी पटात घुसण्यापूर्वी समोरच्याचे हात कसे बाजूला सारायचे, त्याचा तोल कोणत्या पायावर आहे, एक डाव फसला तर त्याच क्षणी दुसरा कोणता लावायचा, या सगळ्याचे उत्तर असावे लागते. डाव ‘लागतो’ एवढे जाणून भागत नाही. तो का लागतो हे समजावे लागते. इचो शोधत होती ते हेच.

१४/ येथे तिला मार्गदर्शक भेटले चिकारा तानाबे. अथेन्समध्ये पुरुषांच्या ५५ किलो फ्रीस्टाइलचे कांस्यपदक जिंकलेले मल्ल. दोन वेळची ऑलिंपिक विजेती पुन्हा विद्यार्थिनी झाली. यानंतर सामन्याचा निकाल हा तिच्या समाधानाचा निकष राहिला नाही. सुवर्ण जिंकल्यावरही ती आपल्या खेळातील उणिवांविषयीच बोलताना दिसे. अनेकांना तो विनय वाटला. प्रत्यक्षात ते तिचे मोजमाप होते.

१५/ वस्ताद बदलणाऱ्या मल्लाकडे रागाने पाहणे कुस्तीच्या जगाला नवे नाही. पण साकाए हे तिचे जुने प्रशिक्षक होतेच, शिवाय राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थेतही त्यांचा शब्द मोठा होता. २०१० च्या जागतिक स्पर्धेत, मॉस्कोत, इचोने पुनरागमन करून सुवर्ण जिंकले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांवर आलेल्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेच्या संघात या विश्वविजेतीचे नाव नव्हते. या निवडीमागे काय होते, याचा उलगडा व्हायला आठ वर्षे लागणार होती.

१६/ २०११ चे जागतिक विजेतेपदही तिचेच. लंडन २०१२ मध्ये सामन्यांच्या तोंडावर तिच्या घोट्याला दुखापत झाली. तरीही ८ ऑगस्टला अंतिम फेरीत चीनच्या जिंग रुइशुएला हरवून तिने तिसरे सुवर्ण मिळवले. सलग तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी ती पहिली जपानी महिला. दुसऱ्याच दिवशी योशिदानेही ती मजल गाठली. त्या वर्षीचा राष्ट्रीय सन्मान पुरस्कार योशिदाला मिळाला. इचोला तो २०१६ मध्ये, चौथ्या सुवर्णानंतर देण्यात आला.

१७/ फेब्रुवारी २०१३ मध्ये साऱ्या कुस्तीजगताला धक्का बसला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या मुख्य क्रीडाप्रकारांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. जागतिक महासंघाचे नेतृत्व बदलले, नियम बदलले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयरेस येथे कुस्तीचे स्थान परत मिळाले. या सुधारणांचा महिलांना थेट लाभ झाला : रिओसाठी त्यांचे वजनगट चारावरून सहा झाले.

१८/ नियमबदल मोठा होता. २००५ ते २०१२ या काळात दोन-दोन मिनिटांचे स्वतंत्र डाव असत आणि तीनपैकी दोन जिंकणारा विजयी ठरे. २०१३ पासून तीन-तीन मिनिटांच्या दोन सत्रांतील गुणांची बेरीज पुन्हा महत्त्वाची झाली. अनेक नामवंतांची लय यात बिघडली. इचोने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींत सुवर्ण जिंकले. नव्या वजनगटांमुळे ती ६३ वरून ५८ किलोत आली आणि २०१४ व २०१५ मध्ये तिथेही विश्वविजेती ठरली. एकूण जागतिक विजेतेपदे दहा.

१९/ नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या आईचे निधन झाले. आणि जानेवारी २०१६ मध्ये रशियातील क्रास्नोयार्स्कच्या यारिगिन स्पर्धेत, अंतिम लढतीत, मंगोलियाच्या ओरखोन पुरेवदोर्जने तिला ०-१० असे हरवले. २००३ पासून चालत आलेली १८९ विजयांची मालिका खंडित झाली. पराभवही निसटता नव्हता. तांत्रिक गुणाधिक्याने, वेळ संपण्यापूर्वीच झालेला. रिओ सात महिन्यांवर होते आणि इचो बत्तिशीकडे झुकलेली.

२०/ रिओच्या ५८ किलो गटाचा तक्ता भारतीय वाचकाने बारकाईने पाहावा असा आहे. साक्षी उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वालेरिया कोब्लोवाकडून २-९ अशी हरली. कोब्लोवा अंतिम फेरीत पोहोचली म्हणून तिने हरवलेल्या मल्लांना रेपेचाजची, म्हणजे कांस्यपदकापर्यंत जाण्याची दुसरी संधी मिळाली. तिथे साक्षीने ज्या मंगोलियन मल्लाला १२-३ असे नमवले, ती ओरखोन पुरेवदोर्जच होती. इचोची मालिका खंडित करणारी. त्यानंतर किर्गिझस्तानच्या आयसुलू तिनिबेकोवाविरुद्ध पिछाडीवरून ८-५.

२१/ अंतिम फेरीत इचो आणि कोब्लोवा. सामना संपत आला तेव्हा इचो १-२ अशी मागे होती. शेवटच्या काही सेकंदांत तिने कोब्लोवाचा ताबा मिळवून दोन गुण घेतले. निकाल ३-२. चौथे सुवर्ण. विजयानंतर तिने आईची आठवण काढली आणि स्वतःच्या खेळाला मात्र फारच कमी गुण दिले. दुसऱ्या दिवशी योशिदा अमेरिकेच्या हेलन मरूलिसकडून अंतिम फेरीत हरली. त्यामुळे चार सुवर्णांच्या त्या शिखरावर इचो एकटीच राहिली.

२२/ जानेवारी २०१८ मध्ये जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाकडे एक तक्रार पोहोचली. जपानी भाषेत ‘पावाहारा’ असा शब्द आहे : वरिष्ठाने आपल्या अधिकाराच्या जोरावर केलेला छळ. इचोवर असा छळ झाल्याचे त्यात म्हटले होते. तक्रार तिने स्वतः केली नव्हती. कुस्ती महासंघाने सुरुवातीला आरोप फेटाळले. नंतर वकिलांच्या स्वतंत्र समितीकडे चौकशी सोपवण्यात आली.

२३/ एप्रिल २०१८ मध्ये समितीचा निष्कर्ष आला. सगळे आरोप टिकले नाहीत. पण साकाए यांच्याकडून घडलेल्या चार गोष्टी अधिकाराचा गैरवापर ठरल्या. केंद्र सोडल्यानंतर २०१० मध्ये राष्ट्रीय शिबिरात तिला ऐकावे लागलेले अपमानास्पद बोल त्यात होते. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या संघातून तिला वगळणेही होते. तिला शिकवू नये म्हणून तानाबे यांच्यावर आणलेला दबावही होता. साकाए यांनी महासंघातील पद सोडले आणि पुढे इचोची माफी मागितली.

२४/ अहवालातील मुद्दे एकत्र ठेवले की एक सूत्र दिसते. इचोची कामगिरी घसरली, शिस्तभंग झाला, असा कशाचाही तिथे प्रश्न नव्हता. तिने कोणाकडे शिकावे, हा प्रश्न होता. तीन आणि चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या मल्लालाही आपला गुरू निवडण्याचे स्वातंत्र्य निर्वेध मिळत नसेल, तर पहिल्या पदकाची वाट पाहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीची स्थिती काय असेल? जपानमध्ये या प्रकरणाची चर्चा क्रीडापानांपुरती राहिली नाही, ती त्यामुळेच.

२५/ रिओनंतर इचो दोन वर्षे स्पर्धांपासून दूर होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती परतली. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या ५७ किलो गटात तिची गाठ रिसाको कावाईशी पडली. कावाई रिओत ६३ किलोची ऑलिंपिक विजेती, इचोहून दहा वर्षांनी लहान आणि त्याच जुन्या केंद्रात घडलेली. प्राथमिक फेरीत कावाई जिंकली. अंतिम फेरीत इचोने अखेरच्या क्षणी पट काढून ३-२ अशी बाजी उलटवली. वय ३४.

२६/ जून २०१९ च्या निवड स्पर्धेत कावाई जिंकली. दोघींच्या खात्यात एकेक विजय झाला म्हणून ६ जुलैला निर्णायक लढत ठेवण्यात आली. सहा मिनिटांनंतर गुणफलक ३-३ होता. समान गुण असता निकषांवर निकाल लागतो. तो कावाईच्या बाजूने गेला. पंधरा वर्षांपूर्वी अथेन्समध्ये चिहारुचे सुवर्ण अशाच समान गुणांवर हुकले होते. कावाईने त्या वर्षीचे जागतिक विजेतेपद जिंकले आणि टोकियोत ऑलिंपिक सुवर्णही. इचोची पाचव्या ऑलिंपिकची वाट तिथे थांबली.

२७/ इचोच्या कारकिर्दीचे दोन हिशोब मांडता येतात. पहिला पदकांचा : चार ऑलिंपिक, दहा जागतिक विजेतेपदे, १८९ विजयांची मालिका. दुसरा तिने स्वतः ठेवलेला : आजची कुस्ती कालच्यापेक्षा अधिक समजली का? पहिल्या हिशोबात ती बीजिंगनंतरच थांबू शकली असती. कोणी बोल लावला नसता. दुसऱ्या हिशोबामुळे ती टोकियोच्या सराव मॅटवर पुरुष मल्लांकडून रोज खाली आपटली जात राहिली, आणि त्याच सरावातून तिसरे आणि चौथे सुवर्ण आले.

२८/ महिला कुस्तीच्या ऑलिंपिक इतिहासाची पहिली चार पाने ६३ आणि ५८ किलो गटांत एकाच नावाने लिहिली गेली आहेत. ती वाचताना २०१० च्या ग्वांगझूच्या यादीतील रिकामी जागाही वाचायला हवी. त्या वर्षीची विश्वविजेती तिथे नव्हती, कारण तिने शिकण्यासाठी दुसरी तालीम निवडली होती.